मासिक सभा (ग्रामपंचायत)

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यांची दर महिन्याला भरणारी कामकाजाची बैठक. गावात तिला नुसते ‘मासिक’ किंवा ‘मिटिंग’ म्हणतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालचे सभांचे नियम यांनी तिची रीत ठरवून दिली आहे. ग्रामसभा ही वेगळी गोष्ट. तिथे गावातले सगळे मतदार बसतात आणि घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी तिथे ठरतात. मासिक सभेत फक्त सदस्य बसतात. लोकसंख्येनुसार त्यांची संख्या ७ ते १७ असते. सरपंच अध्यक्ष असतो. ग्रामसेवक सचिव म्हणून काम पाहतो, पण त्याला मत नसते (२०२४ मध्ये या पदाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ करण्याचा निर्णय झाला). सदस्याने महिनाभर गावकऱ्यांकडून ऐकलेले गाऱ्हाणे कामात उतरते ते याच सभेतून.

सभा बोलावणे ही सरपंचाची जबाबदारी आहे; तो नसेल तर उपसरपंचाची. पुरेशा कारणाशिवाय नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत, तर कलम ३६ खाली पद जाऊ शकते. सदस्यही रजा न घेता सलग ६ महिने सभांना आला नाही, तर त्याचे सदस्यत्व धोक्यात येते.

नोटीस पूर्ण ३ दिवस आधी मिळाली पाहिजे. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यांत मोजायचे नाहीत. सभा २० तारखेला असेल, तर नोटीस १६ तारखेपर्यंत सदस्याच्या हाती पडायला हवी. शिपाई अजेंडा बुक घेऊन घरोघर फिरतो आणि सही घेतो. सहीखाली तारीख घालण्याचा आग्रह सदस्याने धरावा, कारण पुढे वाद उभा राहिला की सगळे त्या तारखेवर येऊन ठरते.

अजेंड्यावरचे पहिले दोन विषय बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे आणि मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. नंतर पाणी, दिवाबत्ती, गटारे, करवसुली, आलेले अर्ज आणि शासकीय पत्रे येतात. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. पैशाचा किंवा ठेक्याचा विषय या शेवटच्या रकान्यात घुसवू देऊ नये. तो आधी कळला असता तर अनुपस्थित सदस्य आला असता, हा आक्षेप रास्त असतो.

जमाखर्चाचा विषय ‘वाचला, मंजूर’ म्हणून दोन मिनिटांत उरकतात आणि नुकसान होते ते इथेच. सदस्याने रोकडवही, पासबुक आणि पावत्या समोर मागून घ्याव्यात. टीसीएल पावडरचे (पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याच्या क्लोरीनच्या पावडरीचे) उदाहरण घ्या. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १,००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम लागते. टाकी ५०,००० लिटरची असेल आणि रोज एकदा भरत असेल, तर दिवसाला २५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. बिल त्याच्या कितीतरी पट असेल तर विचारावे. बिल बरोबर असून नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहणारी) पिवळा रंग दाखवत नसेल, तरीही विचारावे. गोणी उघडी राहिली किंवा दमट खोलीत पडली, की पावडरीतला क्लोरीन उडून जातो.

सभेचे खरे फळ म्हणजे ठराव. ‘वॉर्डातील पाणी समस्या सोडवण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ हा ठराव काहीच करत नाही. कोणते काम, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती खर्चाच्या मर्यादेत, ग्रामनिधी (ग्रामपंचायतीचा स्वतःचा निधी), पाणीपुरवठा निधी की केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी यांपैकी कशातून, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात यायला हवे. खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. वित्त आयोगाच्या पैशाला आणखी एक अट आहे: काम वार्षिक विकास आराखड्यात नसेल, तर नुसत्या मासिक ठरावावर ते काढता येत नाही. आधी आराखडा, मग ठराव. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२०-२१ ते २०२५-२६) निधीतला बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. तो रस्त्याला लावता येत नाही. मते हात वर करून घेतात आणि समसमान पडली तर अध्यक्षाचे मत निर्णायक ठरते. विरोध असेल तर तो नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी विरोधाची पुढे कुणी दखल घेत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान उपस्थिती, निम्म्या सदस्यांची. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत मूळ अजेंड्यावरचेच विषय घेता येतात. अनेक सदस्य मजुरीला जातात. दुपारच्या सभेसाठी त्यांचा दिवस बुडतो, म्हणून सभाच न भरवता शिपायाकरवी घरी सह्या आणण्याची वाईट सवय लागते. अशा वेळी प्रोसिडिंग बुकात (इतिवृत्ताच्या वहीत) सह्यांच्या वर जागा कोरी सोडतात आणि मजकूर मागाहून भरतात. कोऱ्या जागेखाली सही करू नये. ओळी संपतात तिथे आडवी रेघ मारून मगच करावी. दर महिन्याचा वार आणि वेळ कायम ठेवली, बाजाराचा दिवस टाळला आणि संध्याकाळची वेळ घेतली, तर उपस्थिती सुधारते.

महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी काही गावांत सदस्य बाईंच्या खुर्चीत पती येऊन बसतो. सदस्य नसलेल्याला मासिक सभेत बोलण्याचा, मत देण्याचा किंवा त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार नाही. तसे झाले तर अध्यक्षाने कामकाज थांबवून त्याला बाहेर जायला सांगायला हवे. घरी कागद समजावून सांगणे वेगळे. सभेत बाईंनीच बोलले पाहिजे.

काही ग्रामपंचायती इतिवृत्तानंतर लगेच ‘मागील ठरावांचे अनुपालन’ हा विषय ठेवतात. प्रत्येक ठरावापुढे झाले, सुरू आहे किंवा अडले यांपैकी एक शेरा आणि अडल्यास कारण एवढेच लिहायचे असते: अंदाजपत्रक पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे पडून आहे, सरपंचाच्या डिजिटल सहीची मुदत संपली, निधी जमा नाही. दोन वाक्यांचे हे टिपण हाती असले की सदस्याला वॉर्डात विचारणाऱ्या माणसाला नेमके उत्तर देता येते.