हजार फूट वायर आणि ओहमच्या आठ तारा

रब्बीत हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की डीपीपासून (गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरीपर्यंत वायर ओढल्या जातात. धुऱ्यावरून, काटेरी कुंपणावरून, बाभळीच्या फांदीला बांधून. पंधरा दिवसांत त्यातल्या एखाद्या वावरातली मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात उघडी पडलेली असते. तांब्याचे वेढे काळे ठिक्कर, वार्निशचा जळका वास. ‘मोटरच खराब निघाली’ असं सगळे म्हणतात. मला मात्र आधी वायर किती लांब होती ते विचारावंसं वाटतं.

कारण हा सगळा हिशेब सुरू झाला तोच तारेच्या लांबीपासून. गेओर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिक्षक. तारेतून वीज किती वाहते हे त्याला मोजायचं होतं. त्या काळच्या बॅटरीचा दाब (व्होल्टेज) जोडताक्षणी उतरू लागायचा, त्यामुळे मोजमाप बसेना. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सल्ल्यावरून त्याने बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचा जोड घेतला, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारा. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला. मग सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत, एकेक करून जोडल्या आणि प्रवाहामुळे चुंबकसुई किती वळते ते टिपलं. तार लांब, तर प्रवाह कमी. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, पण मायदेशात थंडं स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. (कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाला हा नियम त्याच्या कितीतरी आधी उमगला होता, पण त्याने तो छापलाच नाही.)

त्याच सुमारास इंग्लंडात बिअर बनवणाऱ्या घरातल्या जूल या शास्त्रज्ञाने पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून थर्मामीटर लावला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे त्याने दाखवलं. दाबासाठी व्होल्ट, रोधासाठी (तारेच्या अडवणुकीसाठी) ओहम, प्रवाहासाठी अँपिअर ही एककं १८८१ च्या पॅरिस परिषदेत ठरली. शक्तीच्या एककाला ‘वॅट’ हे नाव पुढच्या वर्षी सीमेन्स या इंजिनिअरने सुचवलं.

आता वावरात या. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॅट. हजार फूट लांब अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन दोन हजार फूट होते आणि तिचा रोध सुमारे ४.२ ओहम भरतो. सिंगल फेजची मोटर १५ अँपिअर ओढते असं धरू. १५ गुणिले ४.२ म्हणजे ६३ व्होल्ट वाटेतच गेले, ९४५ वॅट नुसती वायर तापवण्यात. डीपीवर २३० असले तरी विहिरीपाशी १६७.

शेगडीची कॉइल कमी दाबात गपगुमान कमी तापते. मोटरचं तसं नाही. पाण्याचा भार तोच असतो, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते. १५ चे २० अँपिअर झाले की जूलच्या वर्गाने वाइंडिंगची उष्णता जवळजवळ पावणेदोनपट होते. वर वायरमधली घट आणखी वाढते. (एसी मोटरमध्ये दाब आणि प्रवाह एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात, त्यामुळे तिथे नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त दिसतो. तापणाऱ्या वायरचा हिशेब मात्र चोख बसतो.)

हीच वायर सहाची घेतली तर घट २६ व्होल्टवर येते. आणि मीटर लावायचा तो विहिरीपाशी, मोटर चालू असताना. बंद मोटरवर प्रवाहच नसतो, म्हणून घटही नसते आणि काटा २३० दाखवतो.