फुगलेली बॅटरी आणि आत अडकलेले फोटो

मोबाइलची स्क्रीन एका कडेने उचललेली दिसते, मागचं पॅनेल किंचित वर आलेलं असतं, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो. बॅटरी फुगली आहे. अशा वेळी बहुतेकांना आधी आठवतात ते फोटो, आणि 'एकदाच चार्ज करू, सगळं काढून घेऊ' म्हणत फोन चार्जिंगला लावला जातो. नेमकं हेच करायचं नसतं.

लिथियम-आयन बॅटरीत तांब्याच्या अतिपातळ पत्र्यावर ग्राफाइटचा थर असतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा, आणि दोघांच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. हा पडदा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ. हे सगळं ज्वलनशील द्रवात भिजलेलं असतं. उष्णता, अतिचार्जिंग किंवा निव्वळ वय यांमुळे या द्रवाचं विघटन होतं आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू तयार होतात. फोनच्या बॅटरीला कडक कवच नसतं, ती मऊ पाकिटात बंद असते. म्हणून ती फुगते.

फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटत नाही, पण तिची सुरक्षिततेची मर्यादा मात्र घटलेली असते. आतलं तापमान साधारण 80 ते 120 अंशांवर गेलं की ग्राफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो, आणि या तुटण्यातूनच आणखी उष्णता बाहेर पडते. 130 अंशांच्या सुमारास पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो. तो आक्रसून फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि शॉर्टसर्किट होतं. 200 अंशांच्या आसपास कोबाल्ट ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडायला लागतं. आता बाहेरून कुणी उष्णता दिली नाही तरी प्रक्रिया थांबत नाही. 5000 मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत जवळजवळ 19 वॉट-तास ऊर्जा मावते. पेलाभर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढी पुरते, आणि द्रव जळून निघणारी उष्णता वेगळीच.

या साखळीची सुरुवात किती क्षुल्लक असू शकते, हे 2016 मध्ये पेट घेणाऱ्या सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट 7 फोनने दाखवलं. कंपनीने पुढच्या जानेवारीत दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला ऋण इलेक्ट्रोड (ग्राफाइटचा थर असलेला पत्रा) वाकला होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे बारीक कंगोरे राहिले होते. तेवढ्यावर अख्खं मॉडेल बाजारातून मागे घ्यावं लागलं.

फोन नुसता गरम झाला असेल तर चार्जर काढून, कव्हर उतरवून तो सावलीत ठेवला की भागतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. फुगवटा दिसला तर फोन बंद करून फरशीवर किंवा धातूच्या ताटात, पडदे-गाद्यांपासून दूर ठेवावा. दाबून सपाट करणं, सुईने हवा काढणं हे 'उपाय' म्हणजे आपल्या हाताने शॉर्टसर्किट घडवणं. धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर फोन उचलायला जाऊ नये. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा अत्यंत विषारी वायू असू शकतो, त्यामुळे आधी माणसांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. लिथियमवर पाणी टाकू नये, हे शाळेत शिकलेलं असतं, पण या बॅटरीत धातुरूप लिथियम फारसं नसतं. आग अगदी लहान असेल, फोन चार्जरला जोडलेला नसेल आणि धुरापासून लांब राहता येत असेल, तर भरपूर पाणी ओतणं योग्यच, कारण बॅटरी थंड करणं हेच खरं काम. नुसतं झाकून ती विझत नाही, ज्वाळा गेल्यावरही पुन्हा पेटू शकते.

राहिले फोटो. ते बॅटरीत नसतात, मदरबोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये असतात. बॅटरी गेली म्हणून ते जात नाहीत, त्यामुळे घाईचं कारणच उरत नाही. जाणकार तंत्रज्ञाने जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि बोर्ड शाबूत असला, तर बहुधा फोन सुरू होतो. बोर्ड भाजला असेल तर मात्र गोष्ट अवघड. आजच्या फोनमधली माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते, म्हणून नुसती मेमरी चिप उपटून काही वाचता येत नाही. बोर्डच दुरुस्त करून निदान एकदा चालू करावा लागतो. असं काम गल्लीतल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याचं नव्हे, डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचं आहे.

दुरुस्तीनंतर फोन पूर्वीसारखा जलरोधक राहिला असेल असं धरू नका. पॅनेल उचललं गेलं तेव्हाच त्याचा चिकट सील सुटलेला असतो. आणि काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. कचरागाडीत दाबली गेली की तिथेच आग लागू शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी, आणि देताना फुगलेली आहे हे सांगावं.