ते ३० मिलीग्रॅम आले कुठून?

१०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं आपल्याकडे गुन्हा आहे. नाकाबंदीत फुंकायला लावलं की बहुतेक जण एकच वाक्य म्हणतात, साहेब दोनच पेग झालेत, मला काय चढलेली नाही. आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने. लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्या प्रयोगशाळेत तो रिअॅक्शन टाइम मोजायला शिकला, म्हणजे खूण दिसली की बटण दाबायचं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात वेळ बघायची. १८९२ मध्ये त्याने दारू, चहा वगैरेंवरचे प्रयोग छापले. थोडी दारू घेतल्यावर सुरुवातीला हात जरा लवकर हलायचा, पण दोन खुणांतून योग्य ती ओळखायची असेल तर माणूस नीट न बघताच दाबून मोकळा व्हायचा, चुका वाढायच्या, नंतर वेगही मंदावायचा आणि तरी त्याला वाटायचं की आज आपण भारी फास्ट आहोत! क्रेपेलिनने पुढे स्वतः पिणंच सोडलं.

पण रस्त्यावर बटण कोण दाबत बसणार, त्यामुळे मोजमाप रक्ताकडे वळलं. स्वीडनच्या विडमार्क या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये थेंबभर रक्तातलं अल्कोहोल मोजायची पद्धत दिली आणि १९३६ ला नॉर्वेने १०० मिलीलीटर रक्तात ५० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा ठरवली. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९३९ मध्ये १५० धरली, म्हणजे माणूस चांगलाच टाइट असेपर्यंत सूट. त्याच इंडियानात पोलिसात असलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइनने १९५४ मध्ये ब्रेथलायझर, म्हणजे श्वासावरून दारू मोजणारं यंत्र बनवलं, आणि नंतर ग्रँड रॅपिड्स शहरात अपघातातले ड्रायव्हर आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप गेलेले ड्रायव्हर अशी हजारोंची तुलना केली. १९६४ च्या त्या रिपोर्टमध्ये ८० च्या पुढे धोका झपाट्याने चढताना दिसला. ब्रिटनने १९६७ ला ८० चाच आकडा घेतला.

त्याच सुमारास लक्ष विभागण्यावरही प्रयोग झाले. एकच काम असेल तर प्यायलेला माणूस बऱ्यापैकी निभावतो, पण स्टिअरिंग सांभाळत कडेने येणारा माणूसही बघायचा म्हटलं की कमी दारूतही गडबड होते. ६० च्या स्पीडला पाव सेकंद उशीर म्हणजे गाडी चार मीटर पुढे.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीवर ताबा ठेवता न येण्याइतकी प्यायलेला असला तरच गुन्हा होता, आणि ते सिद्ध कसं करणार? १९८८ च्या कायद्यात एकदम दुसरं टोक, रक्तात कितीही थोडी असली तरी गुन्हा. मग १९९४ च्या दुरुस्तीत ३० मिलीग्रॅम आले, ब्रिटनच्या निम्म्याहून कमी, आणि माझ्या मते तेच बरं. दंड २०१९ पर्यंत पहिल्या वेळेला जास्तीत जास्त २ हजार होता, आता १० हजार.