रबरासाठी आखलेला वेग

गाडी सावकाश चालवा, सतत ब्रेक मारू नका, टायरमधली हवा तपासा, थांबलात की इंजिन बंद करा. आज या सूचना कार्बन उत्सर्जनाच्या नावाने दिल्या जातात, म्हणून त्या नव्या वाटतात. पण १९४२ साली अमेरिकेने अख्ख्या देशाला ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरच्या मर्यादेत आणलं, तेव्हा हवामानबदल कुणाच्या गावीही नव्हता. खरं तर कारण पेट्रोलही नव्हतं. कारण होतं रबर.

अमेरिकेला लागणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी ९० टक्क्यांहून अधिक रबर आग्नेय आशियातून यायचं आणि ते मळे जपानने ताब्यात घेतले होते. लष्करी ट्रकांपासून विमानांपर्यंत सगळ्यांना टायर हवे होते आणि वेग वाढला की टायर झपाट्याने झिजतो. म्हणून ही मर्यादा आली. तिला नाव मिळालं ‘विजयाचा वेग’. त्याच वर्षी डिसेंबरात पेट्रोलचं रेशनिंग देशभर लागू झालं, त्यामागचा हिशेबही तोच होता: पेट्रोलच नाही मिळालं तर गाडी दारात उभी राहील आणि टायर वाचेल. १९४३ च्या एका सरकारी पोस्टरवर एकटाच गाडी चालवणारा माणूस दिसतो आणि त्याच्या शेजारच्या सीटवर हिटलरची पांढरी बाह्यरेषा. एकटे गेलात तर हिटलरला सोबत नेताय, तेव्हा चार जण मिळून एका गाडीने जा, असा त्याचा अर्थ. इतका थेट टोमणा पुढच्या कुठल्याच मोहिमेला साधलेला नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि पेट्रोलचं रेशनिंग लगेच उठलं. सवयीही उठल्या.

एरवी कमी इंधनात लांब जाणं हा हौशी लोकांचा खेळ होता. १९३९ साली शेल कंपनीच्या अमेरिकेतल्या संशोधकांनी आपसात पैज लावली: एका गॅलनमध्ये कुणाची गाडी जास्त जाते? जिंकणाऱ्याने साधारण ५० मैल काढले, म्हणजे लिटरला २१ किलोमीटर. आजच्या रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांना हा ॲव्हरेज झेपत नाही. कॅलिफोर्नियात १९३६ पासून अशाच शर्यती व्हायच्या. विकायला असतात तशाच गाड्या घेऊन आणि कसलेला चालक बसवून. त्या १९६८ मध्ये बंद पडल्या. पेट्रोल स्वस्त होतं, कुणाला पडलेली नव्हती.

पडली ती पाच वर्षांनी. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरच्या रविवारी खासगी गाड्यांना बंदी झाली आणि लोक मोकळ्या महामार्गावर सायकली घेऊन उतरले. पश्चिम जर्मनीनेही चार रविवार गाड्या बंद ठेवल्या आणि जिथे वेगाला बंधनच नव्हतं त्या ऑटोबान या महामार्गांवर काही महिन्यांसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली. अमेरिकेने १९७४ च्या सुरुवातीला ताशी ५५ मैलांचा, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरचा कायदा केला.

या कायद्यामागचं गणित चोख होतं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ९० वरून ११० वर गेलात तर वेग वाढतो २२ टक्के, पण हवा ढकलायला लागणारा जोर वाढतो जवळपास ५० टक्के. तरीही देशभरात इंधन वाचलं ते एखाद्या टक्क्याच्या आसपास. लोकांनी मर्यादा पाळलीच नाही, हे एक कारण. दुसरं असं की गाड्यांचा बराचसा प्रवास मुळात त्या वेगाला पोचतच नाही. तो शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात जातो. तिथे हवेपेक्षा ब्रेक महाग पडतो. पेट्रोल जाळून कमावलेला वेग प्रत्येक सिग्नलला ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. लांबूनच लाल दिवा बघून पाय उचलणाऱ्याचं इंधन वाचतं ते इथे. पण कायदा वेगाचा करता येतो, पाय कधी उचलावा याचा करता येत नाही. १९९५ मध्ये तोही रद्द झाला.

दरम्यान बॉनेटखाली एक मोठा बदल होत होता. मला गाडी शिकवणारे काका उतार लागला की हमखास सांगायचे, “न्यूट्रल कर, फुकटात जाऊ.” सकाळी गाडी काढायच्या आधी चोक ओढून पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, हा त्यांचा दुसरा नियम. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या जुन्या यंत्राच्या गाडीत दोन्हींत तथ्य होतं. इंधन मोजून फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं आणि हिशेब उलटा झाला. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आताची यंत्रणा इंजिनाला जाणारं इंधनच तोडते आणि चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावं लागतं, शिवाय उतारावर इंजिनाचा ब्रेक हातातून जातो तो वेगळाच. थंड इंजिनही उभ्या जागी तापवण्यापेक्षा हळू चालवलं की लवकर तापतं. काकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

कार्बनचा मुद्दा या गोष्टीत येतो १९९० नंतर. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधल्या क्योटोला उत्सर्जन कपातीचा करार झाला आणि त्याच महिन्यात, त्याच देशात टोयोटाची प्रियस ही पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी विक्रीला आली. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग हा आकडा कुठून आला? पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, वजन त्याचं. इंधनाची बचत आणि उत्सर्जनाची कपात म्हणजे एकच गोष्ट, ती या जोडणीमुळे.

प्रियसने आणखी एक केलं, आणि माझ्या मते सगळ्या पोस्टरांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं: चालकासमोर पडद्यावर त्या क्षणाचा ॲव्हरेज दाखवला. पाय दाबला की आकडा खाली, उचलला की वर. त्यातून हायपरमायलिंग नावाचा, कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर काढायचा छंदच उभा राहिला. त्यातले काही जण वारा चुकवायला ट्रकच्या मागे चिकटून जातात. हा शुद्ध वेडेपणा आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं. तेव्हा प्रचारसभेत बराक ओबामांनी टायरमध्ये नीट हवा भरायला सांगितलं, तर विरोधकांनी ‘ओबामांचं ऊर्जा धोरण’ असं छापलेले हवा मोजायचे गेज वाटून त्यांची टर उडवली. ओबामांनी फायदा फुगवून सांगितला होता हे खरं. योग्य दाबाने सहसा तीन टक्क्यांपर्यंतच फरक पडतो. पण सल्ला बरोबर होता. नव्या गाड्यांत टायरचा दाब कमी झाला की दिवा लावणारी यंत्रणा अमेरिकेत तोवर सक्तीची झालीच होती, पुढे ती युरोपातही झाली. अमेरिकेत ती आली मुळात सुरक्षेसाठी.

शिकवण्याचे प्रयत्नही झाले. जपानमध्ये सांगतात, निघताना पहिल्या पाच सेकंदांत ताशी २० किलोमीटरपर्यंतच जा. नेदरलँड्सने ‘नवं चालवणं’ या नावाने मोहीम काढली. अशा प्रशिक्षणानंतर लगेच दिसणारी बचत काही महिन्यांत ओसरते, हा अनुभव मात्र पुन्हापुन्हा आला.

मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तेलाची मागणी घटवायचा दहा कलमी आराखडा काढला. ही संस्था १९७४ मध्ये, त्याच तेलसंकटातून जन्मली होती. आराखड्यातलं पहिलं कलम होतं महामार्गावरचा वेग ताशी किमान १० किलोमीटरने कमी करण्याचं. एका गाडीत जास्त माणसांनी जाण्याचं कलम होतं आणि शहरांत रविवारी गाड्या बंद ठेवण्याचंही.