टकटक आली की जाड ऑइल? थांबा जरा

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कुणालाही सांगा, गाडीचं इंजिन मधूनच टकटक करतंय, की उत्तर ठरलेलं: "टॅपेट वाजतायत, २०डब्ल्यू-५० टाका." (टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग; २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल.) जुन्या, झिजलेल्या इंजिनात आवाज दबतो खरा, पण झीज तशीच राहते. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलसाठी बनलेल्या इंजिनात तर गार असताना जाड ऑइल वर पोचायलाच वेळ लावतं. हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट, उलट जास्त वाजणार.

आवाज कधी येतो ते बघा. सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंदांत थांबला, तर बहुधा लिफ्टरमध्ये ऑइल भरत होतं. काही मिनिटं टिकून इंजिन तापल्यावर गेला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं सील, तपासा; धातू तापून फुगला की फट बुजते. गळतीच्या जागी काळी काजळी दिसते. पेट्रोल गाडीत गरम इंजिनावर मधूनच सुरू-बंद होणारी बारीक टिकटिक बऱ्याचदा पर्ज व्हॉल्व्हची असते. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणं हे त्याचं कामच. हात लावला की ठोका बोटांना कळतो. (त्यासाठी टॅपेट सेटिंगचे पैसे मोजू नका.)

डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) मात्र सगळ्यात आधी काढा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन तिथेच बंद करा, गाडी ओढून न्या.