एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे व संक्षिप्त निकाल

प्रतिवादी गैरहजर असताना झालेला हुकूमनामा (दाव्यातील न्यायालयाचा निर्णय) रद्द करून दावा पुन्हा चालवणे, आणि याउलट तोंडी पुरावा न घेताच दावा निकाली काढणे, या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील दोन तजविजी.

एकतर्फी आदेश (दावा प्रतिवादीविना पुढे चालवण्याचा) आणि एकतर्फी हुकूमनामा यांत गल्लत होते. दावा प्रलंबित असेपर्यंत अर्ज संहितेच्या आदेश 9 (येथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतील प्रकरण) नियम 7 खाली, हुकूमनाम्यानंतर नियम 13 खाली. पहिल्यात ‘योग्य कारण’, दुसऱ्यात ‘पुरेसे कारण’ लागते. हा शब्दभेद कितपत खरा यावर बराच काथ्याकूट झाला आहे. अर्जुन सिंग खटल्यात (1964) सर्वोच्च न्यायालयाने फरक पुराव्याच्या वजनापुरता मानला, आणि नियम 7 चा अर्ज फेटाळला गेला तरी नियम 13 चा मार्ग बंद होत नाही असे ठरवले. हेच मत ग्राह्य धरावे.

नियम 13 चे खरे रणक्षेत्र समन्सची बजावणी. ठाणे, वाशी, नेरूळ येथील सोसायट्यांत समन्स सुरक्षारक्षकाने घेतल्याचा बेलिफचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा, अहवाल आढळतो. आदेश 5 नियम 15 नुसार प्रतिवादी घरी नसताना, तो वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल आणि त्याचा प्रतिनिधी नसेल, तरच सोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाकडे समन्स देता येते. नोकर कुटुंबीय ठरत नाही. पुनर्विकासात पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर समन्स गेले असेल तर तेही अहवालातच दिसते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी बेलिफचा अहवाल व रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयीन नोंद) यांच्या नकला काढाव्यात. मात्र प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळ होता, असे दिसल्यास 1976 च्या दुरुस्तीनंतर केवळ बजावणीतील त्रुटी कामी येत नाही.

मुदत 30 दिवस (मुदत अधिनियम 1963, अनुच्छेद 123): हुकूमनाम्यापासून, समन्स रीतसर बजावले नसल्यास हुकूमनामा कळल्यापासून. या अनुच्छेदापुरती पर्यायी बजावणी, म्हणजे उदाहरणार्थ वर्तमानपत्रातील नोटीस, रीतसर मानत नाहीत. हा मुद्दा बहुधा निसटतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत हवा. दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई) आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. अर्ज नामंजूर झाल्यास आदेश 43 नियम 1(ड) खाली अपील आहे.

आदेश 37 चा संक्षिप्त दावा (धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी, लेखी करारातील ठरावीक रक्कम) याहून कडक. त्याचा उगम 1855 च्या इंग्रजी हुंडीविषयक कायद्याकडे नेला जातो. समन्सनंतर 10 दिवसांत हजेरी, आणि हजेरीनंतर वादीने बजावलेले निकालासाठीचे समन्स मिळाल्यावर 10 दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची. येथे हुकूमनामा रद्द करण्यास नियम 4 प्रमाणे ‘विशेष परिस्थिती’ लागते. रजनी कुमार निर्णयानुसार (2003) गैरहजेरीचे कारण पुरत नाही, बचावाची तथ्येही मांडावी लागतात.

तोंडी पुराव्याविना निकालाची तजवीज म्हणजे आदेश 13-अ; व्यापारी वादांसाठी तो वाणिज्य न्यायालय अधिनियम 2015 ने संहितेत आणला. समन्स बजावल्यापासून न्यायालयाने वादाचे मुद्दे काढेपर्यंत कोणताही पक्ष संक्षिप्त निकाल मागू शकतो. दुसऱ्याच्या यशाची खरी शक्यता नाही आणि तोंडी पुराव्याचे अन्य सबळ कारणही नाही, असे दाखवावे लागते. उत्तराला 30 दिवस. आदेश 37 खाली दाखल झालेल्या दाव्यात तो मिळत नाही.

रद्द करण्याचा अर्ज हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयातच द्यावा लागतो. म्हणून जिल्हा तपासून घ्यावा: नवी मुंबईतील वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे रायगडात मोडतात.