ड्राय म्हणजे तुरट नव्हे

परवा पुन्हा तेच झालं. बारोलो या इटालियन रेड वाइनचा पहिला घोट घेताच पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बापरे, केवढी ड्राय!" दहाच मिनिटांपूर्वी हेच गृहस्थ शाब्ली या फ्रेंच व्हाइट वाइनवर मिटक्या मारत होते. "ही बरी आहे, ड्राय नाही," असा शेराही देऊन झाला होता. वास्तविक दोन्ही ड्राय. साखरेच्या हिशेबात दोघींत सांगण्याजोगा फरक नाही. पाहुण्यांच्या हिरड्या आवळल्या त्या टॅनिननं, म्हणजे आपल्या साध्या तुरटपणानं.

तुरट म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं. पुढे जाऊ.

सगळा घोळ 'ड्राय' या शब्दाचा आहे. ड्राय म्हणजे कोरडं असं आपण शाळेत घोकलेलं, त्यामुळे तोंड कोरडं पडलं की ती ड्राय वाइन, असा सरळ हिशेब होतो. पण वाइनच्या बाबतीत ड्रायचा अर्थ एवढाच, की द्राक्षातली साखर यीस्टनं जवळपास सगळी फस्त केली. युरोपीय संघाच्या नियमानुसार साध्या, न फेसाळणाऱ्या वाइनमध्ये लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असली तर ती ड्राय. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. जर्मन बाटलीवर ट्रोकन, फ्रेंचवर सेक, इटालियनवर सेक्को लिहितात ते हेच. त्यात टॅनिनचा संबंध कुठेही नाही. 'कोरडी वाइन' हे भाषांतर दिसलं की माझं डोकं फिरतं. मी सरळ 'बिनसाखरेची' म्हणतो.

टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठांतून, आणि थोडं ओकच्या पिंपातून. रेड वाइनचा रस सालींसकट आंबवतात. व्हाइटचा आधी पिळून वेगळा काढतात, म्हणून तिच्यात टॅनिन नावापुरतंच. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची होते, ते तर तुरटपणासाठीच ओळखलं जातं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. म्हणजे ड्राय आहे की नाही ते गोडीवरून ठरतं, तुरटपणा मात्र स्पर्शाचा मामला आहे.

पटत नसेल तर स्वयंपाकघरात चला. चहाची पूड पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा. गाळून दोन कप करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात तीन चमचे साखर घाला. तिसऱ्या पेल्यात बिनसाखरेचं लिंबूपाणी. आता एकेक घोट घ्या. साखर घातलेला चहा गोड आहे, तरी गालाच्या आतली कातडी ओढली जातेच. लिंबूपाण्यात गोडीचा पत्ता नाही, पण तोंडाला पाणी सुटतं. लिंबूपाणी ही तुमची शाब्ली, कोरा चहा बारोलो. आणि गोड चहा? ती कोवळी व्हिंटेज पोर्ट. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचं ७७ टक्क्यांचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, सालींतलं टॅनिनही राहतं. एकाच घोटात गोड आणि तुरट. (गोव्याहून आणतात ती स्वस्त 'पोर्ट' पिऊन हे कळणार नाही. ते सरबत आहे.)

गोड वास आणि गोड चव हा आणखी एक गोंधळ, पण तो नाक चिमटीत धरून एक घोट घेतला की मिटतो. फ्रान्सच्या अल्सासची गेव्युर्झट्रामिनर ही सुगंधी व्हाइट वाइन हुंगून लिचीची आठवण झाली, तरी तिच्यात साखर असेलच असं नाही.

फेसाळणाऱ्या वाइनच्या लेबलांनी मात्र कहर केलाय. प्रोसेकोवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलं असेल तर साखर लिटरला १२ ते १७ ग्रॅम. 'ब्रूट' लिहिलं असेल तर १२ हून कमी. आणि नुसतं 'ड्राय' असेल तर १७ ते ३२! इथे पाहुण्यांना दोष देता येत नाही.

चाखायला सहा-सात बाटल्या असतील तर तुरट रेड व्हाइटच्या नंतर उघडा, कारण टॅनिन घोटागणिक तोंडात साठत जातं. शिवाय ती फ्रिजमधून थेट पेल्यात ओतू नका. गार वाइनचा तुरटपणा जास्त बोचतो.

पाहुण्यांना मी बारोलोच्या दुसऱ्या घोटाबरोबर चीजचा एक जाड तुकडा दिला. टॅनिनला लाळेऐवजी धरायला चीजमधली प्रथिनं मिळाली. ते खूश झाले. म्हणाले, "आता बघा, ड्रायपणा पार गेला."